तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर: घ्यायचाच तर बटणवाला घ्या

मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा ठोकळा, मागे तीन पिना, पुढे तीन दिवे आणि अंगावर छापलेला छोटा तक्ता. सॉकेटमध्ये घालायचा, स्विच टाकायचा, कुठले दिवे लागले ते तक्त्याशी ताडून बघायचं. इलेक्ट्रिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. जाहिरातीत 'घरचं अर्थिंग तपासा' अशा थाटाचं काहीतरी असतंच, आणि गडबड तिथूनच सुरू होते. अर्थची वायर कशाला तरी जोडलेली आहे, एवढंच हे दिवे सांगू शकतात. ती अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेली आहे की वायरमननं स्विचबोर्डातच तिची वाट लावली आहे, ते त्यांना कळत नाही.

याचाच थोडा महाग भाऊ मिळतो. दिवे तेच, वर एक बटण जास्त. ते बटण आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा मेनजवळचा स्विच, तपासण्यासाठी असतं. निकाल आधीच सांगतो: बिनबटणाच्या टेस्टरवर पैसे घालवू नका. बटणवाला मात्र घरात असावा, पण तो वापरायची रीत खोक्यावर जेवढी लिहिलेली असते त्यापेक्षा बरीच जास्त आहे.

आधी पिना. ऑनलाइन दिसणाऱ्या टेस्टरांपैकी अनेक परदेशी सॉकेटचे असतात. चपट्या चौकोनी पिनांचे ब्रिटिश, तर दोन पट्ट्या आणि एक गोल पिन असलेले अमेरिकन. अमेरिकन तर १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर लावायचाच नाही. ब्रिटिश टेस्टर कन्व्हर्टरमधून लावला, तर वाचन सॉकेटचं की कन्व्हर्टरचं हा प्रश्न उरतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये अर्थची पट्टी नुसती टेकलेली असते किंवा नसतेच. आपल्याला गोल पिनांचा ६ अँपिअरचा हवा: फेज-न्यूट्रलच्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, अर्थची ७ मिलिमीटर आणि लांबीलाही जास्त. ती लांब असते ती मुद्दाम, प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. गिझर, एसीच्या १६ अँपिअरच्या जागी हल्ली बहुतेक घरांत दोन्ही प्लग घेणारे सॉकेट असतात, तिथे हाच चालतो. मोठ्याच पिना घेणारं जुनं सॉकेट असेल तर हा टेस्टर तिथे लागणार नाही.

आता दिव्यांचं गणित. एक दिवा फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, दुसरा फेज आणि अर्थच्या मध्ये, तिसरा न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये. सगळं जागच्या जागी असेल तर पहिले दोन लागतात, तिसरा विझलेला राहतो. अर्थ तुटलेली असेल तर दुसरा विझतो. फेज-न्यूट्रल उलटे असतील (आपल्या सॉकेटला समोरून बघताना, अर्थ वर धरून, फेज उजवीकडे हवी) तर तिसरा पेटतो आणि दुसरा जातो. फेज आणि अर्थची अदलाबदल झाली असेल तर तेही दिसतं. एवढं काम हा टेस्टर चोख करतो. नवीन फ्लॅटचा ताबा घेताना किंवा भाड्याची जागा बघताना सगळे सॉकेट फिरून बघायला अर्धा तास पुरतो. तीन भोकं आहेत म्हणजे तिसऱ्यात वायर आहे, हा समज किती घरांत खोटा ठरतो ते पाहायला हे दिवे पुरेसे आहेत. बाजारातल्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांनाही लावून बघा. तीन भोकांचं सॉकेट आणि आत दोनच वायरी, असला माल अजूनही सर्रास विकला जातो.

जे दिसत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. दिव्यातून वाहणारा प्रवाह एखादा मिलीअँपिअर, कधी त्याहूनही कमी. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स ५००० ओहम आहे, म्हणजे अर्थिंग जवळजवळ नाहीच. एका मिलीअँपिअरला त्यावर फक्त ५ व्होल्ट पडतील आणि दिवा दिमाखात लागेल. न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांच्या जागी जोडलेले असतील तरीही दिव्यांना दोन्ही सारखेच. आणि तिसरा, सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लूप.

घरात अर्थची वायर आलेलीच नसते, किंवा मध्येच कुठेतरी तुटलेली असते. गिझर लावायला आलेला कंपनीचा माणूस 'अर्थिंग नाही, बसवणार नाही' म्हणतो. मग कोणीतरी सॉकेट उघडतो, वीतभर वायर घेतो आणि न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलवर टाकतो. मल्टिमीटर फेज ते अर्थ २३० दाखवतो, टेस्टरचे दिवे बरोबर दाखवतात, गिझर बसतो. आता डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात त्या मुख्य बोर्डापासून) त्या सॉकेटपर्यंतची न्यूट्रल कुठे जरी ढिली झाली, जळली किंवा तुटली, तरी गिझरच्या कॉइलमधून आलेली फेज लूपवरून थेट गिझरच्या बॉडीवर आणि तिथून नळावर. आणि कुणी नंतर फेज-न्यूट्रल उलटे केले, तर न्यूट्रल तुटण्याचीही वाट बघावी लागत नाही. अर्थची पिन म्हणजेच फेज. अर्थिंग नसलेला गिझर एक वेळ परवडला, त्याला बॉडीवर करंट यायला निदान कॉइल तरी खराब व्हावी लागते.

हा लूप दिव्यांना दिसत नाही. बटणाला दिसतो, आणि बटणाचे जास्तीचे पैसे त्यासाठीच द्यायचे.

बटण दाबल्यावर टेस्टर फेज आणि अर्थच्या मध्ये साधारण ७,६०० ते ७,७०० ओहमचा रेझिस्टर जोडतो. २३० व्होल्टला त्यातून ३० मिलीअँपिअर वाहतात. आरसीसीबीचं काम जाणाऱ्या फेजचा आणि परतणाऱ्या न्यूट्रलचा प्रवाह सतत तोलत राहायचं. जेवढा गेला तेवढाच परत आला तर ठीक. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला तर ०.३ सेकंदाच्या आत खटका पाडायचा. आयएस १२६४० या भारतीय मानकाप्रमाणे तो १५ मिलीअँपिअरपर्यंत पडायचा नाही आणि ३० ला पडायलाच हवा. अर्थ खरी असेल तर टेस्टरचे ३० मिलीअँपिअर जमिनीवाटे जातात, न्यूट्रलवाटे परत येत नाहीत, फरक पडतो आणि आरसीसीबी पडतो. सॉकेटात लूप असेल तर तोच प्रवाह लूपवरून न्यूट्रलला लागतो आणि गुपचूप आरसीसीबीतून परत जातो. हिशोब जुळतो, काहीच पडत नाही. न्यूट्रल-अर्थ उलटे असतील तरी तेच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डीबी उघडून आरसीसीबी कुठला ते ओळखा. पुष्कळ घरांत मेनच्या जागी दोन पोलचा आयसोलेटर (नुसता चालू-बंद करणारा स्विच) किंवा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) असतो आणि घरचे त्यालाच 'ईएलसीबी', म्हणजे गळतीवर पडणारा स्विच, म्हणत असतात. 'टी' लिहिलेलं छोटं बटण नसेल तर तो आरसीसीबी नाही. असेल तर त्याच्या तोंडावरचा आकडा वाचा: ०.०३ अँपिअर किंवा ३० मिलीअँपिअर हवा. १०० किंवा ३०० चा असेल तर तो वायरिंगला आग लागू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही, आणि हा टेस्टर त्याला पाडू शकणार नाही. आकडा बरोबर असेल तर कॉम्प्युटर वगैरे बंद करून 'टी' दाबा. खटका पडायला हवा. पडला नाही तर आरसीसीबी बाद. पुढची तपासणी थांबवा आणि तो बदला. हे 'टी' बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्येच रेझिस्टर टाकतं, त्यामुळे ते पडलं याचा अर्थ यंत्र चालू आहे इतकाच. घराच्या अर्थिंगबद्दल ते अक्षरही बोलत नाही.

मग टेस्टर घेऊन एकेका सॉकेटला. दिवे बरोबर आणि बटण दाबल्यावर खटका पडला, तर त्या सॉकेटपुरतं समाधान माना. दिवे बरोबर, 'टी' चालतं, पण टेस्टरच्या बटणानं खटका पडत नाही, तर लूप किंवा उलटी अर्थ हा पहिला संशय. दुसरी शक्यता अशी की ते सॉकेट त्या आरसीसीबीखाली येतच नाही. एसी आणि गिझरच्या लाइनी 'सारखा ट्रिप होतो' म्हणून बाहेरून काढलेल्या आढळतात. हे ओळखणं सोपं आहे. आरसीसीबी हातानं खाली करा, सॉकेटचे दिवे विझले नाहीत तर ते त्याच्या पदराखाली नाही. तिसरी शक्यता व्होल्टेजची. गावाकडे संध्याकाळी १८० व्होल्ट असतील तर टेस्टरमधून २३-२४ मिलीअँपिअरच जातात आणि एखादा चांगला आरसीसीबीही त्याला पडत नाही. सकाळी व्होल्टेज नीट असताना पुन्हा बघा. या शेवटच्या दोन्ही शक्यता नसतील तर सॉकेट उघडायलाच हवं, आणि ते काम मेन बंद करून इलेक्ट्रिशियननं करायचं.

बटण दाबण्याआधीचे दोन दंडक. दिव्यांनी अर्थ तुटलेली दाखवली असेल तर बटण दाबायचंच नाही. दिवे बरोबर दिसले तरी दाबताना घरात कुणी नळाखाली किंवा वॉशिंग मशिनला हात लावून उभं नसावं. कारण अर्थची वायर पुढे कुठे तुटलेली असेल, तर टेस्टर ते ३० मिलीअँपिअर त्याच वायरीला जोडलेल्या प्रत्येक बॉडीवर हजर करतो. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे धरलेली वस्तू सोडवत नाही, हे लक्षात घेतलं तर ३० किती होतात ते कळेल. दुसरं, बटण दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. त्या रेझिस्टरमध्ये जवळपास ७ वॅट उष्णता तयार होते आणि ठोकळ्यात हवा खेळायला जागा नसते. 'पडत नाही' म्हणून दाबतच राहणाऱ्यांचे टेस्टर असेच जातात.

बटणानं खटका पडला तरी अर्थिंग उत्तम आहे असं ठरत नाही. ५०० ओहमच्या अर्थिंगवरही २८ मिलीअँपिअर जातात आणि बहुतेक आरसीसीबी पडतात. पण इथे टेस्टरपेक्षा आरसीसीबीचं कौतुक करायला हवं. ५० व्होल्ट ही बॉडीवरच्या व्होल्टेजची धोक्याची रेघ मानली, तर ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला १,६०० ओहमचं अर्थिंगही चालून जातं. आरसीसीबी नसेल तर हिशोब फार क्रूर आहे. स्वतःच्या खड्ड्यावर असलेल्या बंगल्याचं अर्थिंग ५ ओहमचं, म्हणजे चांगलंच म्हणायचं. गिझरची फेज बॉडीला लागली तर जास्तीत जास्त ४६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात. ४६ ला तो तापून पडणार, काही सेकंदांत किंवा मिनिटभरात, आणि तोवर नळ जवळपास पूर्ण व्होल्टेजवर. एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकून २० ओहम झाले तर प्रवाह ११.५ अँपिअर; एमसीबीला तो नेहमीच्या गिझरसारखाच वाटतो आणि तो कधीच पडत नाही. 'आमच्याकडे अर्थिंग पक्कं आहे, आरसीसीबी कशाला' याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. घरात तो नसेल तर टेस्टरआधी तो बसवा. घेताना ए टाइप मागा. एसी टाइप (हा एसी म्हणजे आल्टरनेटिंग करंट) स्वस्त पडतो, पण इन्व्हर्टर मोटरच्या वॉशिंग मशिनमधली गळती निव्वळ एसी नसते, ती त्याला ओळखता येईलच असं नाही.

टेस्टरला पर्याय म्हणून दोन जुन्या पद्धती सांगितल्या जातात. एक म्हणजे टेस्ट लॅम्प: होल्डरला १०० वॅटचा बल्ब लावून एक वायर फेजमध्ये, एक अर्थमध्ये. बल्ब ०.४३ अँपिअर खेचतो, त्यामुळे फसव्या अर्थला तो मिणमिणतो. या बाबतीत तो दिव्यांच्या टेस्टरपेक्षा खरा. पण लूपला तोही फसतो आणि अर्थ पुढे तुटलेली असेल तर घरातल्या फ्रिज-मशिनच्या बॉडीवर २३० व्होल्ट चढवून देतो. हौशी माणसानं तो करू नये. दुसरी मल्टिमीटरची, आणि ही चांगली आहे. त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री चालू करून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर १५ मीटर अंतरात ४.३ अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास पडतंच. इस्त्री लागल्यावर आकडा वर सरकला तर बरं. इस्त्री चालू असूनही ठार ०.० दाखवत असेल, तर त्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले आहेत. आरसीसीबी नसलेल्या घरात लूप पकडायचा हाच मार्ग.

सॉकेट तपासून झालं तरी उपकरण राहतंच, आणि टेस्टरचा तिथे काही उपयोग नाही. प्लग काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूला. रंगावर नाही, स्क्रूवर. गिझर असेल तर पाण्याच्या निपलला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा जाता आकडा पाव ओहमच्या आत असावा. पिन टॉप बदलताना हिरवी-पिवळी वायर आखूड कापून बाकीच्या दोन लांब ठेवल्या, की ओढ बसल्यावर अर्थ सगळ्यात आधी सुटते. ती नेहमी लांब ठेवायची. आणि गिझरच्या कॉइलची गळती साध्या मल्टिमीटरनं दिसेल या भरवशावर राहू नका. क्षारांच्या पाण्यानं कॉइलच्या नळीला बारीक भोक पडतं आणि आतल्या पावडरीत ओल शिरते. ती मीटरच्या काही व्होल्टला गप्प बसते आणि २३० ला वाट देते. त्याला ५०० व्होल्टचा मेगरच (जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारा मीटर) लागतो.

वॉशिंग मशिन किंवा कॉम्प्युटरच्या बॉडीला झिणझिण्या येतात, ही तक्रार मात्र बहुधा सॉकेटची असते आणि टेस्टर ती लगेच पकडतो. यंत्राच्या फिल्टरमध्ये फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की बॉडी मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. ४.७ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून येणारा प्रवाह ०.३४ मिलीअँपिअर, म्हणजे जीव घेणारा नाही. पण पुढे मोटरची गळती सुरू झाली तर तिलाही जायला वाट नाही, हा त्याचा अर्थ. प्लग उलटा करून पाहणं किंवा दोन पिनांचा टॉप लावणं हा उपाय नव्हे.

मायक्रोवेव्हसाठी टेस्टर एरवीपेक्षा जास्त गंभीरपणे वापरा. ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये सुमारे २००० व्होल्टची वाइंडिंग असते, कपॅसिटर आणि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या नळीला) ४००० च्या घरात व्होल्टेज पोचवतात, आणि त्या वाइंडिंगचं एक टोक थेट पत्र्याच्या बॉडीला जोडलेलं असतं. बॉडी अर्थला हवी ती यामुळेच. इथे आरसीसीबीची मदत नाही: ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा प्रवाह बॉडीतून वाइंडिंगलाच परत जातो, आरसीसीबीच्या तराजूत तो येतच नाही. म्हणून मायक्रोवेव्ह बिनअर्थच्या एक्स्टेन्शनवर चालवायचा नाही, आणि प्लग काढलेला असला तरी त्याचं कव्हर काढायचं नाही. एक मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर २८०० व्होल्टपर्यंत भरलेला राहू शकतो. आतला रिकामा करणारा रेझिस्टर शाबूत असेल तर मिनिटभरात उतरतो; तो रेझिस्टर आतून तुटला असेल तर बाहेरून कळायला मार्ग नाही.

इन्व्हर्टर असलेल्या घरात सगळी वाचनं लाईट असताना घ्या. बॅटरीवर चालताना न्यूट्रल अर्थशी बांधलेला असेलच असं नाही, आणि दिवे तक्त्यात नसलेला नमुना दाखवतात. इन्व्हर्टर बसवताना जवळ सापडली ती न्यूट्रल उचलली जाते, कधी आरसीसीबीच्या आधीची, कधी दुसऱ्या लाइनची. मग पंखा लावला की आरसीसीबी पडतो, आणि वायरमन आरसीसीबीच्या वरच्या टर्मिनलवरून खालच्यावर वायर टाकून 'प्रॉब्लेम' मिटवतो. डीबीचं झाकण काढायला लावून अशी वायर दिसते का ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. दिसली तर ती काढून न्यूट्रल वेगळी केल्याशिवाय टेस्टरच्या कुठल्याच निकालावर विसंबू नका. खटका खाली असूनही सॉकेटला लाईट येत असते.